जुन्या व्यावसायिक वायरलेस सेटपासून दोन मीटरचा रिपीटर: ट्रान्समीटर सुरू होताच रिसीव्हर बहिरा होतो

प्रश्न

नमस्कार. एका वाहतूक कंपनीने मोडीत काढलेले दोन व्हीएचएफ वायरलेस सेट आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबला मिळाले आहेत. दोन्ही सेट गाडीत बसवण्याचे, ४५ वॅटचे, सिंथेसायझरवर चालणारे आणि २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी बनवलेले आहेत. त्यांच्याबरोबर सहा लहान कप्प्यांचा एक चपटा डुप्लेक्सरही (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालू देणारा फिल्टर) आला असून त्याच्या पट्टीवर १६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन फ्रिक्वेन्सी लिहिलेल्या आहेत. त्या दोहोंत ४.६ मेगाहर्ट्झचे अंतर आहे. या सामग्रीतून दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) ६०० किलोहर्ट्झ अंतराचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला सिग्नल त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारे केंद्र, उभा करण्याचा आमचा विचार आहे आणि त्यासाठी लागणारा परवाना क्लबकडे आहे.

सेट नव्याने प्रोग्रॅम केले, डुप्लेक्सरचे स्क्रू फिरवून तो शक्य तितका खाली आणला. जवळून हँडसेटवर बोलल्यास रिपीटर उत्तम चालतो. दूरचा क्षीण सिग्नल आला की मात्र रिसीव्हर उघडतो, ट्रान्समीटर सुरू होतो, त्याच क्षणी रिसीव्हर मिटतो, त्यामुळे ट्रान्समीटर थांबतो आणि सिग्नल पुन्हा ऐकू येऊ लागतो. हे चक्र थांबतच नाही. दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे? आणि मुळात हे सेट या कामाला योग्य आहेत का?

पहिले उत्तर

आपण वर्णन केलेला प्रकार डिसेन्सचा, म्हणजे स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हरची संवेदनशीलता घटण्याचा आहे, आणि माझ्या मते संशयाची पहिली सुई डुप्लेक्सरकडेच वळायला हवी. त्यामागचे गणित पाहा. ४५ वॅट म्हणजे सुमारे ४६.५ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये). आपल्या रिसीव्हरला ०.२५ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकू येत असेल, तर ५० ओहमवर ती पातळी उणे ११९ डीबीएमच्या जवळपास येते. म्हणजे एकाच अँटेनावर एकाच वेळी वावरणाऱ्या या दोन सिग्नलांत १६५ डेसिबलचा फरक आहे आणि त्यांच्यात अंतर आहे अवघे ६०० किलोहर्ट्झ. इतक्या जवळ काम करण्यासाठी दोन्ही बाजूंना साधारण ८० ते ९० डेसिबलचे आयसोलेशन (एकमेकांपासून अलगपणा) लागते.

सहा कप्प्यांचे चपटे डुप्लेक्सर हे नॉच प्रकारचे असतात: नको असलेली फ्रिक्वेन्सी दाबायची, बाकीची जाऊ द्यायची, एवढेच त्यांचे काम. ४.६ मेगाहर्ट्झच्या अंतरावर ते चोख काम करतात, परंतु नॉच ६०० किलोहर्ट्झपर्यंत जवळ ओढला की त्याची खोली कमी होते आणि हवा असलेला सिग्नलही त्याच्याबरोबर दबू लागतो. लहान कप्प्याचा क्यूच (फ्रिक्वेन्सी धारदारपणे निवडण्याची क्षमता) तेवढा नसतो, त्यामुळे स्क्रू कितीही फिरवले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. दोन मीटरसाठी पाव तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे अर्धा मीटर उंचीच्या मोठ्या कॅव्हिटी (धातूचे पोकळ, फिल्टरचे काम करणारे नळकांडे) लागतात. त्याही बँडपास (हवी ती फ्रिक्वेन्सीच जाऊ देणे) आणि नॉच दोन्ही गुण असलेल्या, चार किंवा सहा.

तरीही केवळ अंदाजावर खर्च करू नये, आधी मोजून पाहावे. अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती हवेत न सोडता शोषून घेणारा रोध) लावा आणि मध्ये कपलर (थोडाच सिग्नल आत सोडणारा जोड) घालून त्यातून सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल द्या. ट्रान्समीटर बंद ठेवून १२ डेसिबल सिनाडची (आवाज नॉइज व विकृतीच्या तुलनेत किती स्वच्छ आहे, याचे माप) पातळी नोंदवा, मग ट्रान्समीटर चालू करा आणि तीच सिनाड मिळवण्यासाठी जनरेटर किती डेसिबल वाढवावा लागतो ते पाहा. तो आकडा म्हणजे आपला डिसेन्स. डमी लोडवर तो शून्य असून अँटेना जोडल्यावरच दिसत असेल, तर दोष अँटेना, फीडर किंवा मनोऱ्यावरच्या गंजलेल्या सांध्यांत आहे, डुप्लेक्सरमध्ये नाही.

त्यानंतर एक सुटी बँडपास कॅव्हिटी मिळवा आणि तिच्या स्वतःच्या एक-दीड डेसिबल घटीचा हिशेब ठेवून ती आधी ट्रान्समीटरच्या वाटेत, मग रिसीव्हरच्या वाटेत घाला. पहिल्या जागी सुधारणा दिसली, तर ट्रान्समीटरचा साइडबँड नॉइज (मुख्य फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूला पसरणारा गोंगाट) थेट आपल्या रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर पडतो आहे. दुसऱ्या जागी दिसली, तर रिसीव्हरचा पुढचा भाग जोरदार सिग्नलाने दबतो आहे. सिंथेसायझरच्या मोबाइल सेटमध्ये पहिली शक्यता अधिक असते. जनरल इलेक्ट्रिकचे मास्टर टू किंवा मोटोरोलाचे मायकॉर यांसारखे क्रिस्टलवर चालणारे जुने स्टेशन रिपीटर बांधणारे अजूनही जपून ठेवतात, त्याचे एक कारण त्यांच्या ऑसिलेटरचा कमी नॉइज हे आहे आणि दुसरे रिसीव्हरच्या तोंडाशी असलेले हेलिकल रेझोनेटर (गुंडाळीच्या आकाराचे धारदार फिल्टर).

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला उष्णतेविषयी सांगायचे आहे, कारण डिसेन्स सुटला की पुढचा बळी पॉवर अँपलिफायरचा जातो. मोबाइल सेटचे ४५ वॅट हे थोडे बोलणे आणि बराच वेळ ऐकणे, या वापरासाठी दिलेले असतात. रिपीटरचा ट्रान्समीटर मात्र बोलणारे बदलत राहिले तरी अर्धा-अर्धा तास सलग चालू राहू शकतो. म्हणून पॉवर १५ ते २० वॅटवर आणा, हीटसिंकवर पंखा बसवा आणि कंट्रोलरमध्ये सुमारे तीन मिनिटांचा टाइम-आउट ठेवा. ४५ वरून २० वॅटवर आल्याने सुमारे साडेतीन डेसिबलच कमी होतात. दूरच्या ऐकणाऱ्याला ते क्वचितच जाणवेल. मात्र पॉवर फार खाली नेऊ नका, काही अँपलिफायर कमी ड्राइव्हवर अस्थिर होऊन नको त्या फ्रिक्वेन्सी निर्माण करतात, म्हणून स्पेक्ट्रम अॅनालायझरवर एकदा खात्री करावी.

डुप्लेक्सरपर्यंतच्या केबल दुहेरी जाळीच्या, आरजी-२१४ किंवा आरजी-४०० घ्या. फॉइल आणि जाळी वेगवेगळ्या धातूंची असलेली केबल सर्वसाधारण कामाला चांगली असली, तरी डुप्लेक्स वापरात तीच नॉइज निर्माण करू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. डमी लोडवरही १७ डेसिबलचा डिसेन्स आला. एका सदस्याकडून आणलेली बँडपास कॅव्हिटी ट्रान्समीटरच्या वाटेत घातल्यावर तो ६ डेसिबलवर उतरला आणि रिसीव्हरच्या वाटेत घातल्यावर जवळजवळ बदलला नाही. त्यामुळे मोठ्या कॅव्हिटींचा संच घेण्याचे आम्ही ठरवले आहे. आता एक शंका उरते: रिसीव्हरचा आवाज स्पीकरच्या तारेतून घेऊन तो ट्रान्समीटरच्या माइकमध्ये दिला आहे, पण रिपीटरवरचा आवाज कोंदट आणि फाटका येतो. हे कशामुळे होत असावे?

तिसरे उत्तर

स्पीकरचा आवाज वापरू नये. तो डी-एम्फसिस (पाठवताना वाढवलेले वरचे स्वर पुन्हा कमी करणे) होऊन, व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून आणि अँपलिफायरच्या विकृतीसह येतो. माइकच्या वाटेवर पुन्हा फिल्टर, प्री-एम्फसिस (पाठवण्याआधी वरचे स्वर वाढवणे) आणि लिमिटर लागतात. आवाज थेट डिस्क्रिमिनेटरवरून (एफएम सिग्नलातून आवाज वेगळा करणारा रिसीव्हरचा भाग) घ्या. अनेक व्यावसायिक सेटच्या मागच्या अॅक्सेसरी सॉकेटवर तो उपलब्ध असतो. तिथे तो सपाट, म्हणजे बोलणाऱ्याच्या सेटने दिलेल्या प्री-एम्फसिससह मिळतो, म्हणून तो मॉड्युलेटरला सपाट मार्गानेच द्यायचा. मधे डी-एम्फसिस केले असेल, तर पुढे प्रति ऑक्टेव्ह ६ डेसिबलचे प्री-एम्फसिस करणे भाग आहे. दोन्ही टोके जुळली नाहीत, की आवाज एकतर कोंदट होतो किंवा कर्कश.

सपाट मार्गात स्क्वेल्चचा (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी व्यवस्था) खरखराट आणि बोलणाऱ्याचा सब-टोनही (रिसीव्हर उघडण्यासाठी आवाजाखाली पाठवला जाणारा सूर) पुढे जातो. म्हणून ३०० हर्ट्झखालचा भाग कापा आणि ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला आपला टोन ट्रान्समीटरला स्वतंत्रपणे द्या. शेवटी डिव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) मीटरवर मोजूनच बांधा: २५ किलोहर्ट्झच्या सेटसाठी टोन धरून कमाल ५ किलोहर्ट्झ. आवाजाचा लिमिटर ४.५ च्या आसपास ठेवला, तर टोनसाठी जागा उरते. इतक्या जुन्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर याच वेळी बदलून घ्या. ऑडिओच्या वाटेतला एखादा सुकला असेल, तर खालचे स्वर हरवतात आणि ती चूक आपण एम्फसिसमध्ये शोधत बसतो.