मदत हवी आहे: व्हेनिसमध्ये वापोरेत्तोचा (तिथली सार्वजनिक बोट) पास घ्यावा का?

आम्ही चौघे विद्यार्थी, सगळे पंचविशीच्या आतले, म्युनिकहून शुक्रवार-शनिवार व्हेनिसला जातोय. मुक्काम जवळच्या मेस्त्रेला, तिथून ट्रेनने व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. ट्रेनचं तिकीट काढून झालंय.

अडलंय ते बोटीच्या तिकिटावर. ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, २४ तासांचं २५. तरुणांसाठीचं सवलतीचं रोलिंग व्हेनिस कार्ड ६ युरोचं, त्यावर ७२ तासांचा पास २७ ला. शहर पायीच फिरलो असतो, पण मैत्रिणीचा गुडघा दुखावलाय आणि तिथे पावलोपावली पायऱ्यांचे पूल. शनिवारी मुरानो आणि बुरानो ही दोन्ही बेटं नक्की करायचीत.

कोणी एवढ्यात जाऊन आलंय का? शुक्रवारी कमी पायऱ्यांच्या वाटेने रियाल्तो ते सान मार्को चालून जमेल, की तिच्यासाठी तरी ७२ तासांचाच पास घ्यावा?