आधी पत्रातली मुदत बघा

नवऱ्याचा व्हिसा नाकारलाय, आता काय करावं, असं तुम्ही विचारलंत. त्याने एकट्यानेच परत जावं, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. काही देशांत अपील चालू असताना देश सोडला की अपीलच बाद होतं. नकाराचं पत्र पुन्हा वाचा, विशेषतः अपिलाची मुदत, आणि आजच इमिग्रेशनचा वकील गाठा.

अपिलात तुमच्या मुलीचा मुद्दा स्वतंत्र मांडा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम ३ मुलाच्या हिताचं, ९ आईवडिलांपासून ताटातुटीचं, १० कुटुंब एकत्र येण्याचं. तिच्या शिक्षिकेचं पत्र जोडा. शाळेत रोज बाबाच सोडतात, हे त्यात यायलाच हवं. बाबांचा हात धरल्याशिवाय ती झोपत नाही, हे तुम्ही लिहिलंत आणि माझ्या पोटात तुटलं हो.