बांबू, तेंदू आणि ग्रामसभा

जंगलातला नवा धंदा म्हणजे कार्बन क्रेडिटच (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणारं प्रमाणपत्र), असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं; बांबू-तेंदूचा धंदा आहेच की. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क, मिळाला २००९ मध्ये, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. खरी किल्ली तीच. परवान्याशिवाय तोडलेला बांबू व्यापाऱ्यापर्यंत न्यायचा कसा? आता तिकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा (विड्या वळायच्या पानांचा) लिलावही स्वतःच करतात. ७० पानांचा एकेक पुडा मोजून घेतात, मजुरी तोडणाऱ्याला, रॉयल्टी, म्हणजे पानांवरच्या हक्काचा मोबदला, ग्रामसभेला. घोडं अडतं ते खेळत्या भांडवलापाशी. पैसा लिलावात पानं घेणाऱ्या ठेकेदाराचा, त्याने थकवला की ऐन पेरणीत घरं अडचणीत येतात. बँकांनी ग्रामसभांना हंगामापुरतं कर्ज द्यायलाच हवं.