सांगलीच्या गावभागात तळमजला: आयर्विन पुलापाशी किती फूट झाल्यावर सामान हलवायचं?

नवा_भाडेकरू:
जूनमध्ये गावभागात तळमजल्यावर राहायला आलोय. घरमालक म्हणतात 2019 ला घरात चार फूट पाणी होतं. ग्रुपवर रोज कोयना धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात, पण त्यावरून आपल्या दारात पाणी कधी येणार ते कळत नाही. आधी काय हलवायचं, आणि कधी?

कृष्णाकाठ:
आधी आपल्या उंबऱ्याचा आकडा काढा. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. घरात चार फूट, म्हणजे तुमची फरशी साधारण 53 ला. 2021 ला पाणी 55 च्या आसपास गेलं होतं, म्हणजे तेव्हा दीड-दोन फूट आलं असणार. मालकांना विचारून ताळा जुळवा. पुलापासून लांब असाल तर फूटभर इकडंतिकडं धरा. 40 ची इशारा पातळी आणि 45 ची धोका पातळी अख्ख्या शहरासाठी आहे. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत 40 च्या आधीच पाणी शिरतं.

आता विसर्ग. 11,574 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) दिवसभर वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. त्यामुळं धरणाच्या पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक, म्हणजे दिवसाला पाव टीएमसीपेक्षाही कमी, सोडलं म्हणून गाठोडी बांधायची गरज नाही. वक्र दरवाजे किती उचलले ते बघा आणि पाटण-कऱ्हाडकडं पाऊस किती चाललाय तेही बघा. धरणाखालच्या पावसाचं पाणी कोयनेच्या आकड्यात नसतं, फसगत होते ती तिथं. शिवाय कोयनेचं पाणी इथं पोचायला दिवसभर तरी जातो. दरवाजे उघडले त्या रात्री आयर्विन शांतच दिसतो.

हरिपूरकर:
वारणा राहिली. ती सांगलीच्या खाली, हरिपूरला मिळते. ती तुंब भरून आली की कृष्णेला फुगवटा येतो आणि कोयनेचा विसर्ग घटवला तरी पातळी लवकर उतरत नाही. वारणेवरच्या चांदोली धरणाचा आकडाही बघत चला.

पातळी दर तीन तासांनी वहीत लिहा. तासाला दोन इंच चढत असेल तर दिवसात चार फूट. तुमची फरशी 53 ला, म्हणजे 45 ला सामान उचललं तर हातात दोन दिवस. 50 ची वाट बघाल तर टेम्पो मिळणार नाही, मिळाला तर भाडं ऐकून घाम फुटेल.

वायरमन_मिरज:
मेन स्विच पाडला म्हणजे काम झालं असं समजू नका. इन्व्हर्टर चालू असेल तर सॉकेटला करंट राहतोच. आधी इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नंतर पॉझिटिव्ह. बॅटरी दोघांनी उचला, आडवी करू नका, ॲसिड सांडतं. पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर आणि मोटर दोन्ही सोडवून वर न्या.

फ्रीज वर नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला आवळून बांधा. तो तरंगतो आणि उलटतो. सिलिंडरचंही तेच: रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि गच्चीवर ठेवा.

नवा_भाडेकरू:
आणि संडासाचं? शेजारी म्हणतात पाणी तिथूनच आधी येतं.

कृष्णाकाठ:
बरोबर सांगतात. नदी चढली की ड्रेनेजचं पाणी उलटं फिरतं आणि दाराच्या आधी भांड्यातून, न्हाणीच्या जाळीतून वर येतं. वाळूचं पोतं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून भांड्यात दाबून बसवा. न्हाणीत चिंध्यांचा बोळा आणि वर पाटा. याने लोंढा थांबत नाही, पण मैला घरभर पसरायचा वाचतो. जमिनीतल्या हौदाचं झाकण प्लास्टिक घालून घट्ट बसवा, तरी पुरानंतर तो उपसून ब्लीचिंगनं धुतल्याशिवाय ते पाणी तोंडात घालायचं नाही. प्यायचं पाणी आधीच वर भरून ठेवा, कारण पुरात नळाचा भरवसा नाही.

हरिपूरकर:
उतरताना एक करा. घरात घोटाभर पाणी राहिलं की लगेच खराट्यानं गाळ ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटा. वाळला की सिमेंटसारखा बसतो, मग फावड्यानं खरवडावा लागतो. मात्र गाळाला हात लावायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. पायात गमबूट घाला, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.