मदत हवी आहे – टाळूचं ऑपरेशन होऊनही मुलगा नाकात बोलतो, आधी कोणती तपासणी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. जन्मतःच त्याची टाळू दुभंगलेली होती, ओठ नीट होता. ११व्या महिन्यात ऑपरेशन झालं. नाकातून दूध यायचं ते थांबलं आणि आम्हाला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. तो बोलायला लागला तेव्हा कळलं की नाही.

तो मला 'मामा' म्हणतो. म्हणायचं असतं 'बाबा'. 'दादा'चं 'नाना' होतं. 'मनी माऊ' मात्र अगदी स्वच्छ. 'गाडी' म्हणताना ग येतच नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखा झटका येतो आणि मग 'आडी'. 'सायकल' म्हणताना नाकातून फुस्स आवाज होतो. अलीकडे आवाजही घोगरा झालाय, संध्याकाळी जास्त.

आम्ही लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आठ महिने फुगे फुगवणं, पिपाणी वाजवणं, स्ट्रॉनं पाण्यात बुडबुडे काढणं असे व्यायाम रोज न चुकता केले. बोलण्यात फरक नाही. तो रात्री घोरतो म्हणून एका डॉक्टरांनी नाकामागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड्स काढून टाकू म्हणून सांगितलंय, पुढच्या महिन्याची तारीखही दिली आहे. दुसऱ्यांनी तोंड उघडून बॅटरीनं पाहिलं आणि म्हणाले, टाळू छान जुळलीय, वयानुसार सुधारेल.

जूनमध्ये तो पहिलीत जाणार. बालवाडीतली मुलं त्याची नक्कल करतात, म्हणून तो आता मान हलवूनच उत्तर देतो. व्यायाम चालू ठेवू, अ‍ॅडेनॉइड्स काढू की टाळूचं पुन्हा ऑपरेशन? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, मी स्पीच थेरपिस्ट आहे, टाळूची मुलं रोज पाहते. सगळ्यात आधी ती अ‍ॅडेनॉइड्सची तारीख थांबवा. टाळू शिवलेल्या बऱ्याच मुलांत मऊ टाळू (टाळूचा मागचा, हलणारा भाग) मागे अ‍ॅडेनॉइडलाच टेकून नाकाची वाट बंद करते. तो आधार काढला तर गेंगाणेपणा वाढू शकतो. घोरण्याकडे दुर्लक्ष करू नका, पण टाळूच्या टीमनं (सर्जन, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट) पाहिल्याशिवाय तिथे हात लावू देऊ नका.

आता 'मामा'बद्दल. ब आणि म, दोन्हीला ओठ सारखेच मिटतात. ब म्हणताना मऊ टाळू वर उचलून नाकाकडचं दार लावते, तोंडात हवा दाटते आणि ओठ उघडताच फुटते. म ला ते दार उघडं असतं. म्हणजे तुमचा मुलगा 'बाबा'च म्हणतोय. त्याचे ओठ बरोबर आहेत, मागचं दार लागत नाही म्हणून आपल्याला 'मामा' ऐकू येतं. (सर्दीत नाक चोंदलं की उलटं होतं, 'मामा'चं 'बाबा'. ती तक्रार वेगळी, तिचा उपाय वेगळा.)

'आडी' ही दुसरी गोष्ट आहे. तोंडात हवा दाटत नाही म्हणून त्यानं ती घशातच अडवायची सवय लावून घेतलीय. ही सवय थेरपीनंच जाते, ऑपरेशननं नाही. आणि दार खरंच अपुरं असेल तर ते थेरपीनं लागत नाही. त्यामुळे बहुधा दोन्ही लागतील, पण कशासाठी काय ते आधी ठरायला हवं. फुगे-पिपाणीवर वेळ घालवू नका. फुंकताना टाळू उचलली गेली तरी त्यानं बोलणं सुधारत नाही.

बॅटरीनं पाहणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. टाळूत बारीक छिद्र राहिलंय का, पडजीभ कशी आहे, 'आ' म्हणताना टाळू हलते का, दात, टॉन्सिल्स, जिभेची हालचाल, एवढं दिसतं. 'प-ट-क' भरभर म्हणवूनही पाहतात. पण दार लागतं ते टाळूच्या वरच्या बाजूला, तोंडातून ते दिसतच नाही. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून, मूल बोलत असतानाच पाहावं लागतं. फट किती आणि कुठे आहे, त्यावर ऑपरेशनचा प्रकार ठरतो. या वयाची मुलं समजावून सांगितलं तर करू देतात.

दुर्बिणीआधी कान तपासा. अशा मुलांच्या पडद्यामागे वारंवार पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. घोगरेपणासाठी स्वरयंत्रही पाहायला सांगा. घशावर सतत जोर दिला की स्वरतंतूंवर गाठी येतात.

घरी आज एवढं करा. नाकाखाली छोटा आरसा धरून 'पापा' म्हणवा, वाफ धरते का बघा. मग 'बाबा, टोपी द्या' हे वाक्य एकदा नाक मोकळं ठेवून आणि एकदा चिमटीत धरून म्हणवा. या वाक्यात नाकातला एकही वर्ण नाही. त्यामुळे दार नीट लागत असेल तर दोन्ही वेळा सारखंच ऐकू येईल. दोन्ही रेकॉर्ड करा.

मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. मैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत अशा मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेच्या मदतीनं चालणाऱ्या रुग्णालयांत टाळूचं ऑपरेशन मोफत होतं, जवळचं कुठलं ते विचारून घ्या.

प्रतिसाद २

आमच्या मुलीचं दुसरं ऑपरेशन सहाव्या वर्षी झालं. नंतर काही आठवडे ती खूप घोरायची, घाबरू नका. पण त्यानंतर थेरपी वर्षभर चालली. पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधून ठेवा, सगळीकडे तेच आधी मागतात.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. तारीख रद्द केली. आरशावर वाफ धरली.

मग रात्री जेवणाआधी त्याचं नाक हलकेच धरलं आणि म्हणायला लावलं. 'बाबा.' घोगरा होता, पण ब होता. त्याची आई भाकरी टाकता टाकता थांबली. त्यालाही कळलं असावं, कारण त्यानंतर स्वतःच नाक धरून त्यानं चार-पाच वेळा हाक मारली. रेकॉर्डिंग केलंय. सोमवारी बांद्र्याला फोन लावतो. दुर्बिणीच्या वेळी मला त्याच्याजवळ बसू देतात का, तेवढं सांगाल?

प्रतिसाद ३

सहसा देतात. मांडीवरच घ्या त्याला. आणि 'बाबा, टोपी द्या' आठवडाभर खेळून ठेवा, आत तेच म्हणायला लावतील.