खानापूरच्या घरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी: खरी कशी ओळखायची, पावसाळ्यात कशी सांभाळायची?

मलप्रभाकाठ:
खानापूर तालुक्यातल्या घरी माजघरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. कागद साधारण २० बाय १४ इंच, शिसवी चौकट, मागं पातळ फळी. साडीच्या काठावर जर आणि टिकल्या लावल्यात. कोपऱ्यात रविवर्मांची सही दिसते. पावसाळ्यात पांढरट बुरशी धरते आणि खालच्या अंगाला चित्र काचेला चिकटलंय. ही खरंच त्यांची आहे का? घरी काय करावं, काय करू नये? आणि अशा छापील चित्राला कलेच्या दृष्टीनं काही मोल आहे का, की नुसतं कॅलेंडर समजायचं?

शिळाछाप:
सहीवर जाऊ नका. ती चित्राबरोबरच छापलेली असते, हातची नव्हे. घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसलं दहापट भिंग घ्या आणि लक्ष्मीचा गाल बघा. दगडावरून छापलेल्या चित्रात ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, हातानं टिपल्यासारखे दिसतात; गुलाबी, पिवळा, तपकिरी असे रंग वेगवेगळे उचलून दाखवता येतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे अलीकडच्या यंत्रावरच्या छपाईत, ठिपके शिस्तीत, एकाच जाळीत बसलेले असतात आणि चारच रंगांच्या ठिपक्यांची फुलांसारखी नक्षी दिसते. तसं दिसलं तर विषय संपला, ती नंतरची नक्कल आहे.

दुसरी कसोटी कागदाची. अंधार करून अतिनील टॉर्च मारा. अलीकडचा कागद निळसर पांढरा चमकतो, जुना मंद राहतो. कागद चमकला नाही एवढ्यानं तो शंभर वर्षांचा ठरत नाही, पण चमकला तर संशय पक्का.

मग खालची कड बघा. प्रेसचं नाव तिथं असतं, पण चौकटीत बसवताना बऱ्याचदा ती कड कापलेली किंवा पट्टीखाली दबलेली असते. प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला, प्लेगच्या काळात लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढं रविवर्मांनी तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ साली गेले, छपाई मात्र पुढं कित्येक दशकं चालू होती. त्यामुळं प्रेसचं नाव असलं तरी ते चित्र त्यांच्या हयातीतलंच, असं म्हणता येत नाही. चित्र मूळ त्यांचंच असेल असंही नाही. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची चित्रंसुद्धा या प्रेसनं छापली.

खडेबाजार:
पहिली गोष्ट, ओलं फडकं अजिबात नको. पाण्यानं कागद फुगतो, शाई आणि वॉर्निशचा थर फुगत नाही. वाळताना वरचा थर तडकतो आणि पापुद्रे निघतात. जरीखालचा गोंदही सुटतो.

काचेला चिकटलेला भाग ओढू नका. हेअर ड्रायर नको, पातं घालणंही नको. चित्र काचेसकट आडवं ठेवा आणि तसंच जाणकाराकडं न्या. बेंगळूरला चित्रकला परिषदेत इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कला संवर्धन केंद्र आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तेवढाच भाग घरी करायचा नाही. बाकीचं जमण्यासारखं आहे.

पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवशी उघडा. तोंडाला मास्क लावा, चौकट स्वच्छ सुती कापडावर पालथी ठेवा, खिळे पकडीनं एकेक सरळ ओढा. मागची फळी टाकून द्या. लाकडातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं, फळीच्या फटीसुद्धा कागदावर पट्ट्यांसारख्या उमटलेल्या सापडतील. बुरशी वाळून भुकटी झाली असेल तरच मऊ, कोरड्या ब्रशनं काढा, तीही अंगणात, चित्राच्या मध्यापासून कडेकडं. रंग ब्रशला लागायला लागला की तिथंच थांबा.

मागं आम्लरहित बोर्ड. चित्र त्यावर पूर्ण डकवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट) दोनच पट्ट्या, म्हणजे हवा बदलेल तसा कागद हलू शकतो. चारही बाजूंनी जखडला की पावसाळ्यात लाटा येतात. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवून गाळलेली. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, ती वापरू नका. तांब्याचा अंश कागद जाळतो. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन तर नकोच नको.

काच आणि चित्र यांच्यात माउंटनं (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी) निदान ३ मिलिमीटर जागा ठेवा. तुमचं चित्र चिकटलं ते ही जागा नव्हती म्हणूनच. खानापूरचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर टांगू नका. आतल्या भिंतीवर लावतानाही मागं रबरी बुटकुळ्या लावून हवा खेळती ठेवा. समईच्या वर तर नाहीच. काजळी चौकटीच्या फटीतून आत शिरते.

निपाणीघाट:
मोलाबद्दल. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. तेलकट खडूनं त्यावर चित्र उलटं काढायचं, डिंक आणि आम्लाचा हात द्यायचा, दगड ओला ठेवून शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट जागी धरते. असे दहा-बारा, कधी त्याहून जास्त दगड एकावर एक अचूक बसले पाहिजेत. केसभर सरकला की ओठ हनुवटीवर येतो. याला नुसतं कॅलेंडर म्हणणं अन्यायाचं आहे.

आधीही छापील देव होते. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून चित्रं छापत होती. रविवर्मांनी त्यात तैलचित्राचा प्रकाश आणला: एका बाजूनं येणारा उजेड, चुणीखाली जाणवणारा गुडघा, कमळावर उभ्या लक्ष्मीच्या देहाचं वजन. आज आपल्याकडच्या दुकानांतली लक्ष्मी, चार हात, कमळ, शेजारी माळ घेतलेला हत्ती, त्याच मांडणीवर उभी आहे. एवढा खोल ठसा दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रकारानं घराघरात उमटवलेला मला दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडं वळण्याआधी याच प्रेससाठी काम केलं होतं.

एक चूक मात्र आपल्या भागात फार ऐकू येते. हातात दिवा धरलेल्या बाईचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र लोक बेधडक रविवर्मांच्या नावावर खपवतात. ते सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, आणि तेलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात पांढरा रंग न थापता, कागद राखून तो उजेड आणलाय, त्याचं श्रेय ज्याचं त्याला मिळायलाच हवं.

मलप्रभाकाठ:
भिंगातून बघितलं. गालावर ठिपके वेडेवाकडे, जाळी नाही. साडीवरची जर काळी पडलीय; ती काढून टाकू की पितांबरीनं उजळू?

खडेबाजार:
दोन्ही नको. छापलेल्या चित्रावर जर-टिकल्या लावायची तेव्हा रीतच होती, त्यामुळं ती या वस्तूचाच भाग आहे. पितांबरीतलं आम्ल आणि भुकटी कागदात उतरतात, नंतर निघत नाहीत. काळी जर तशीच ठेवा आणि माउंटची जागा ३ ऐवजी ६ मिलिमीटर धरा, म्हणजे टिकल्या काचेला टेकणार नाहीत.