सोपं बायबल आणलं की पोरं वाचायला लागतील?

संडेस्कूलच्या बाई
आमच्या चर्चच्या मंडळीत (नगर जिल्हा, गाव सांगत नाही, सगळे ओळखीचे निघतात) एक प्रस्ताव आलाय. रविवारच्या उपासनेत बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतरातून वाचन होतं, ते थांबवून सोप्या मराठीतलं बायबल घ्यायचं. कारण म्हणे तरुण संघाच्या मुलांना जुनं झेपत नाही.

झेपत नाही हे खरंच आहे. मागच्या महिन्यात अकरावीतला एक मुलगा स्तोत्र २३ वाचायला उभा राहिला. आमच्या पिढीला हे स्तोत्र झोपेतही म्हणता येतं. तो 'मला काही उणे पडणार नाही' इथे अडकला, मागे आला, पुन्हा अडकला. उपासनेनंतर मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, उणे म्हणजे वजाबाकीचं ना?" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी आल्यावर वाईट वाटलं.

तरी माझा प्रस्तावाला विरोध आहे. या मुलांच्या कानावर आठवड्यात एकदा जरा भारदस्त मराठी पडते ती देवळात. तीही मोबाइलवरच्या मेसेजसारखी केली तर उरलं काय? केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केलं आठवा. दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यांना शिकवलं, छापखान्यात उभं केलं, आणि त्यांच्याच हातून बायबल छापून घेतलं. पुस्तक खाली आणलं नाही, बायकांना वर नेलं.

वसईकर
बाई, तुम्ही रमाबाईंना साक्षीला बोलावलंत खरं, पण साक्षीदार फितूर आहे! आधीचं भाषांतर खेड्यातल्या साध्या बायकांना कळत नाही, म्हणून तर त्या हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः भाषांतराला बसल्या. संस्कृत वळणाचे शब्द जाणूनबुजून टाळले. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हाच वाद त्यांनी तुमच्या विरुद्ध बाजूने घातलाय.

आणि शब्द कठीण असतील तर निदान शब्दकोशात सापडतात. माझी तक्रार ओळखीच्या शब्दांची आहे. 'तारण' घ्या. आपल्याला तारणारा आठवतो, पोराला सोनेतारण कर्जाची पाटी आठवते. 'करार' म्हटलं की अकरा महिन्यांचा भाडेकरार. मार्क १०:४५ मध्ये प्रभू आपला प्राण 'खंडणी' म्हणजे सुटकेचं मोल म्हणून देतो. आजच्या पेपरात खंडणी कोण मागतं? हे शब्द पोरांना अडखळवत नाहीत, ती सरळ वाचून पुढे जातात आणि भलताच अर्थ घेऊन घरी येतात. उणेवाला तुमचा मुलगा निदान थांबला तरी.

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सुबोध म्हणजे हलकं, हे समीकरण कुणी काढलं?

गप्प बसणारा
बायबलातल्या राजाचं नाव, नबुखद्नेस्सर, सोपं करून दाखवा. मग पुढचं बोलू.

निवृत्त मास्तर
वरच्या एका ओळीत बरंच काही आलं.

तुम्ही दोघं शब्दांवर भांडताय. मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवली, माझं म्हणणं असं की अडचण शब्दांच्या आधीच सुरू होते. २०२३ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या काही ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाची मुलं तपासली. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. दुसरीचा! त्यात ना तारण असतं ना खंडणी. तिथे दोष भाषांतरकाराचा कसा?

शहरात दुखणं वेगळं. माझा नातू इंग्रजी शाळेत. इंग्रजी बायबल मोबाइलवर भराभर वाचतो. त्याच्यापुढे मी एकच अध्याय दोन्ही मराठी भाषांतरांतून ठेवला. दोन्हीकडे जोडाक्षर आलं की गाडी थांबते. शब्द तोंडी सांगितला तर अर्थ बरोबर सांगतो. कान मराठी आहे, डोळा नाही. सोपं बायबल आणून डोळा तयार होत नाही. त्याला रोज दहा मिनिटं शेजारी बसावं लागतं. आणि बसायचं कुणी, तर आपण. त्यापेक्षा प्रस्ताव मांडणं सोपं.

(रमाबाईंचं भाषांतर सोपं हेही पुरतं खरं नाही, वसईकर. शब्द साधे, पण मुळाला इतकं धरून की वाक्य मराठी कानाला खटकतं. सोपे शब्द आणि सोपं वाचन या दोन गोष्टी आहेत.)

तरुण संघ, मागचा बाक
त्या मुलाच्या बाजूने कुणीच बोलेना म्हणून लिहितोय. मी एकोणीस वर्षांचा आहे.

आम्हाला कधी उभं करतात माहितीये? उपासना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी. "अरे तू वाच आज." समोर दीडशे माणसं, पहिल्या बाकावर आजी ओठ हलवत पुढचा शब्द सांगतेय. तुम्ही वाचून दाखवा असं.

जुनी मराठी आम्हाला नको आहे हेही खोटं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची पदं आम्हाला पाठ आहेत, ती काय चॅटिंगच्या भाषेत आहेत? ती गातो, म्हणून येतात. बायबल मात्र कुणी आमच्यासोबत मोठ्याने वाचतच नाही. आणि हो, पडद्यावर गाण्याचे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतो ते आम्हीच. ओरडा आता.

जुना सेक्रेटरी
ओरडतोच. आज इंग्रजी अक्षरं, उद्या चित्रं. देवाचं वचन आहे ते, ग्राहक बघून बदलायचा माल नव्हे. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने योनाच्या गोष्टीतल्या भोपळ्याच्या वेलीचा नुसता आयव्ही (दुसरीच वेल) केला, तर आफ्रिकेतल्या एका मंडळीत गोंधळ उडाला आणि बिशपला लोक सोडून जायची भीती पडली. संत ऑगस्टीनने जेरोमला पत्रात लिहून ठेवलंय. पिढ्यान्‌पिढ्या कानात बसलेला शब्द हलवला की असं होतं. माझ्या वडिलांच्या दफनविधीला जे वचन वाचलं, तेच माझ्या वेळी वाचलं जावं एवढी माझी मागणी आहे.

तरुण संघ, मागचा बाक
काका, गोष्ट जेरोमच्याच नव्या भाषांतराची सांगताय. शेवटी तेच चाललं ना?

आणि इंग्रजी अक्षरांचं म्हणाल तर, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली रोमन लिपीतच छापलं. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. मराठीची एवढी थोरवी गाणारा माणूस आणि अक्षरं ती. लोक ते ऐकायचे, म्हणायचे. मी नवीन काही केलं नाही.

निवृत्त मास्तर
त्याच्याकडे देवनागरीचे टाइप नव्हते रे. तुझ्या फोनमध्ये आहेत.

वसईकर
मास्तर 😄

संडेस्कूलच्या बाई
उत्तर द्यायला आठवडा लागला, माफ करा.

'तारण'चं मला आजवर सुचलं नव्हतं, वसईकर. तीस वर्षं शिकवतेय तो शब्द. प्रस्तावावर माझं मत तेच आहे, भाषांतर बदलू नये. पण मागच्या बाकावरच्या भावाचं मनाला लागलं, कारण त्या मुलाला ऐनवेळी उभं मीच केलं होतं.

म्हणून या वेळी रोमकरांस पत्राचा उतारा त्याला बुधवारीच दिला. शुक्रवारी घरी आला, दोनदा मोठ्याने वाचला. पहिल्यांदा सात ठिकाणी अडला, दुसऱ्यांदा दोन. मग मी आगाऊपणा केला आणि 'तारण' म्हणजे काय वाटतं ते विचारलं. म्हणाला, "गहाण ठेवतात ते." थोडा वेळ बोटाने ओळ धरून बसला आणि मग विचारलं, "पण बाई, इथे कोणी कोणाला गहाण ठेवलंय?"

चहा गार झाला आमचा. रविवारी तोच वाचणार आहे, जुन्यातूनच.